चुकीच्या पाकिटातलं वाक्य

शर्टाला इस्त्री करताना आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ आणि शेवटी पुढच्या दोन बाजू. गोष्टीला असा काही क्रम असता तर माझ्या आतापर्यंत शंभर लिहून झाल्या असत्या. गोष्टीची कधी नुसती बाहीच हाती लागते, आणि मग महिनाभर ती बाही घेऊन हिंडायचं, अंग कुठं सापडतंय का बघत.

मी काम करते त्या लाँड्रीत पुढे काउंटर, मधे टांगलेल्या कपड्यांच्या रांगा आणि सगळ्यात मागे आम्ही दोघं. मी इस्त्रीवर, आणि पलीकडच्या टेबलावर डागमास्तर. ते डाग काढतात म्हणून डागमास्तर. त्यांचं खरं नाव मालकीणबाईंना ठाऊक असेल, मला सोळा वर्षांत विचारावंसं वाटलं नाही. वाफेची इस्त्री दाबली की पांढरा ढग उठतो, समोरच्या रांगा, भिंत, घड्याळ सगळं विरघळतं, आणि क्षणभर मी कुठंच नसते. त्या क्षणभरात माणसं येतात. कुणी जिना उतरत असतं, कुणी किल्ली शोधत असतं. ढग विरला की समोर पुन्हा डागमास्तर, भिंग लावून कुणाच्या तरी सांडलेल्या कॉफीकडे बघत.

लिहायचं कसं हे मला कुणी शिकवलं नाही. त्यामुळे चुकलं तर बोट दाखवायलाही कुणी नाही. आमच्या घरी हे माझी प्रत्येक गोष्ट पहिल्या पानापर्यंत मन लावून वाचतात आणि मग मन लावून झोपतात. डागमास्तर मला लेखिकाबाई म्हणतात, तेही मी एखादा शर्ट पिवळा केला की.

"कुठं होता, लेखिकाबाई?"

"जरा बाहेर गेले होते."

"जाताना इस्त्री उचलून जात चला."

आमच्या लाँड्रीची एक पद्धत आहे. कपडा धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, आणि खिशात जे निघेल ते, मग ते टॉफीचं वेष्टन का असेना, छोट्या तपकिरी पाकिटात घालून कपड्याच्या नंबराला अडकवायचं. पाकिटावर छापलेलं आहे, 'खिशात सापडलेल्या वस्तू'. मालकीणबाईंना या पाकिटांचा भारी अभिमान. लोक म्हणे आमच्याकडे कपड्यांसाठी येतात आणि पाकिटांसाठी परत येतात.

त्या दिवसांत मी एक गोष्ट लिहीत होते. एक माणूस संध्याकाळी बल्ब आणायला घराबाहेर पडतो. स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला असतो, बायको म्हणते, कोपऱ्यावरून घेऊन ये. कोपऱ्यावर दुकान बंद, म्हणून तो पुढच्या गल्लीत जातो, तिथून पुढच्या. आणि परत फिरतो तर प्रत्येक गल्ली त्याच्या गल्लीसारखी, प्रत्येक दार त्याच्या दारासारखं, पण त्याचं एकही नाही. त्या गल्ल्यांमधून हिंडण्यात मला विलक्षण गंमत येत होती. सात गल्ल्या लिहिल्या होत्या मी. एकीत सगळ्या घरांच्या घंटा एकाच सुरात वाजत होत्या, एकीत सावल्या माणसांच्या पुढे चालत होत्या. गल्ल्या मस्त होत होत्या, माणूस काही घरी पोचत नव्हता. शेवट नव्हता. तीन आठवडे मी शेवटावाचून बसमध्ये बसत होते, उतरत होते, जेवत होते.

आणि मग एका दुपारी, एका निळ्या लोकरी कोटाचे खिसे तपासून मी तो बाजूला ठेवला आणि इस्त्री हातात घेतली, तेव्हा वाफेतून बायकोचा आवाज आला. स्पष्ट. उजव्या हातात इस्त्री होती, म्हणून मी डाव्या हातानं जवळचा कागदाचा कपटा ओढला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून ठेवलं. गोष्ट संपली, असं वाटलं. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मालकीणबाईंनी पुढे हाक मारली, मी गेले. परत येऊन बघते तर कपटा गायब.

टेबलाखाली बघितलं, केराच्या डब्यात हात घातला. कुठंच नाही. बरं, लिहून ठेवलेलं म्हणजे डोक्यातून उतरवून ठेवलेलं. आठवायला गेले तर एक शब्दसुद्धा जागेवर नाही. दाराचं काहीतरी होतं. 'दार उघडं आहे'? छे. 'दार बंद नाही'? हे तर वाक्य नाही, पाटी झाली. बारा दिवस मी त्या वाक्याच्या आजूबाजूनं फिरत होते, गोष्टीतला तो माणूस फिरत होता तशीच. रोज सापडल्यासारखं वाटायचं, आणि जवळ गेलं की भलत्याचंच दार.

तेराव्या दिवशी काउंटरवर एक काका आले. सत्तरीचे, अंगानं काटक, बोटं मात्र जाड, तेलाच्या कामाची. निळा कोट त्यांनीच आणला होता, हे मला मागाहून कळलं. त्यांनी मालकीणबाईंना हळूच विचारलं, "बाई, ही जी पाकिटं देता तुम्ही, त्यात अदलाबदल होऊ शकते का? म्हणजे दुसऱ्याच्या खिशातलं माझ्या पाकिटात?"

मालकीणबाई ताठ झाल्या. "तीस वर्षांत एकदाही झालेलं नाही, काका. आमच्याकडे एक टाचणीसुद्धा इकडची तिकडे जात नाही."

असं ऐकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. काकांचा चेहरा मात्र असा पडला की मी कपड्यांच्या रांगेतून पुढे आले.

"काही हरवलंय का, काका?"

"हरवलेलं नाही. सापडलंय." त्यांनी खिशातून पैशाचं पाकीट काढलं, त्यातून एक घडी घातलेला कपटा. "हे बायकोच्या कोटात निघालं. ती गेली, आठ महिने झाले. कोट मेव्हणीला द्यायचा म्हणून धुवायला टाकला होता."

कपट्यावर लिहिलेलं होतं, 'दार नुसतं लोटलंय, कडी घातलेली नाही. कधीही ये.'

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. मेळ्यात हरवलेलं लेकरू पोलीसमामाच्या खांद्यावर दिसावं तसा. कधीही ये! बरोबर, शेवटी 'कधीही ये' होतं! मी ते दोनदा वाचलं, मग वर बघितलं आणि काका दिसले.

"अक्षर तिचं नाही," ते म्हणाले. "कुणीतरी तिला लिहिलेलं आहे."

"अहो काका, हे माझं आहे! मी लिहिलंय ते."

"तुम्ही? तिला?"

"तिला नाही हो. गोष्टीत. मी गोष्टी लिहिते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या एप्रनकडे, वाफेनं चिकटलेल्या केसांकडे. आणि फार प्रेमानं म्हणाले, "तुम्ही भल्या बाई आहात. पण म्हाताऱ्याची समजूत काढू नका."

मी काउंटरवरची पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि त्यांच्यासमोर तेच वाक्य लिहून दाखवलं. कोण बघत असलं की माझा उजवा हातसुद्धा गडबडतो, डाव्याचं काय घेऊन बसलात. कोंबडी चालून गेल्यासारखं काहीतरी उमटलं. मूळ कपट्याशी एक अक्षर जुळेना.

"राहू द्या," काका म्हणाले.

मी डागमास्तरांना हाक मारली. ते भिंग कपाळावर चढवून आले. त्यांनी कपटा बघितला. "हां, निळ्या कोटाजवळ पडला होता. मला वाटलं पाकिटात घालायचा राहिला. मीच घातला."

"म्हणजे कोटाजवळच होता," काका म्हणाले.

"जवळ म्हणजे अगदी कोटावरच," डागमास्तरांनी प्रामाणिकपणाची कमाल केली. त्यांच्या पायावर पाय द्यायचा माझा बेत होता, पण मधे मालकीणबाई उभ्या होत्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे अशी चूक होतच नाही," आणि फोन घ्यायला गेल्या.

मी काकांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं. प्लॅस्टिकच्या आवरणातले कोट दोन्ही बाजूंना टांगलेले, पंख्यानं हलत होते, मधेच कुजबुजल्यासारखे वाजत होते. काका त्यांच्याकडे बघत बोलायला लागले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. लिफ्टच्या बोगद्यात, दोरांना लटकून. कुठं कोण अडकलंय म्हणून बोलावणं आलं की जेवणावरून उठून जायचं.

"मी दुपारी कधी घरी नव्हतो हो," ते म्हणाले. "चाळीस वर्षांच्या दुपारी. मला त्याचा कधी विचारसुद्धा आला नव्हता. आता दहा दिवस त्या दुपारी मोजतोय."

"काका, शपथेवर सांगते—"

"शपथा कशाला? गोष्ट आणा." एकदम त्यांचा आवाज कामाचा झाला. "एखादा भाग कुठल्या यंत्राचा आहे हे मी तोंडी सांगण्यावरून ठरवत नाही. बसवून बघतो. हे वाक्य तुमच्या गोष्टीचं असेल तर त्यात बसेल. बसलं, तर मी मानीन."

आजवर माझ्या गोष्टी मासिकांनी परत पाठवल्या होत्या, एक छापली होती, शेजारच्या वहिनींनी दोन वाचून "छान" म्हटलं होतं. पण एखाद्या माणसाची चाळीस वर्षं माझ्या शेवटावर टांगलेली आहेत, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच बाकावर गोष्ट वाचून दाखवली. सगळ्या सात गल्ल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. डागमास्तर डबा खात होते, पण चावणं बंद होतं, म्हणजे ऐकत होते. शेवटी मी बायकोचं वाक्य वाचलं आणि थांबले.

काकांनी डोळे उघडले. "बसत नाही."

"म्हणजे?"

"खडखडतंय. तो माणूस इतका हिंडतो, गल्ल्या छान आहेत तुमच्या, सावल्यांची मला फार आवडली. पण ती बाई? ती काय करत असते तेवढा वेळ?"

"वाट बघत असते."

"अंधारात? नुसती?" ते जवळजवळ चिडले. "तीन तास बाई अंधारात हात जोडून बसलीय आणि शेवटी एकदम तोंड उघडून म्हणते, कडी घातलेली नाही. ही बाई कडी घालणारी नाही आणि काढणारीही नाही. हिला हातच नाहीत. माझी असती तर बाहेरच्या खोलीतला बल्ब काढून स्वयंपाकघरात लावला असता आणि कामाला लागली असती."

डागमास्तर म्हणाले, "मला तर आवडली बुवा."

"तुम्ही डबा खा," मी म्हटलं.

काका उठले. कपटा पुन्हा घडी घालून पाकिटात गेला. जाताना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पण हे तुमच्या गोष्टीचं नाही. कुणीतरी खरोखर कुणाला तरी लिहिलंय."

इतकी मोठी दाद आणि इतकी मोठी थप्पड मला एकाच वेळी कधी मिळाली नव्हती.

त्या आठवड्यात मी वेड्यासारखं लिहिलं. लिहिलं म्हणजे खोडलं. आधी तीन गल्ल्या काढल्या. मग अजून दोन. सावल्यांची गल्ली खोडताना हात अडखळला, माझ्या मते ते मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान होतं. एक दिवस ठेवलं, एक दिवस काढलं, मग नवऱ्याला वाचून दाखवलं. ते जागे राहिले. म्हणून पुन्हा ठेवलं. मग कळलं की ते पान बघा-मी-कशी-लिहिते असं म्हणतंय, आणि तेवढ्यात बाई तिकडे अंधारात बसलीय. काढलं. एखादा दात पडल्यावर जीभ तिथंच जाते ना, तसं मन दोन दिवस तिथंच जात होतं.

आणि एकदा जागा रिकामी झाली तशी ती बाई उठली. मी एका पांढऱ्या चादरीवर इस्त्री दाबत होते, ढग उठला, आणि ढगात ती स्टूल ओढत होती. पाय मोडका होता स्टुलाचा, म्हणून तिनं खाली कागदाची घडी सरकवली. बाहेरच्या खोलीतला बल्ब तापलेला होता. फडक्यात धरून काढला, एका हातानं भिंत चाचपत अंधारातून स्वयंपाकघरात आली, लावला. भांडी घासली. मग वाचायचं होतं, म्हणून पुन्हा फडकं, पुन्हा भिंत, पुन्हा बाहेरची खोली. मी तिला काही सांगत नव्हते, नुसती मागे मागे जात होते. लोक विचारतात एवढं काय मिळतं तुला त्यात. हे मिळतं. आपणच रचलेल्या घरात आपल्यालाच कुणी विचारत नाही, आणि तरी तिथून निघावंसं वाटत नाही.

"लेखिकाबाई," पलीकडून आवाज आला, "चादर."

इस्त्री उचलली. चादर वाचली.

माणूस आता एकाच गल्लीत होता. सगळी घरं सारखी, सगळ्या खिडक्या सारख्या उजळलेल्या. तो खाली उभा, हातात बल्बचा खोका. आणि त्याला दिसतं, दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी विझली, आणि जरा वेळानं शेजारची लागली. मग ती विझली, पहिली लागली. एकच उजेड घरभर फिरतोय. तो हसतो. जिना चढायला लागतो.

बल्बची ती युक्ती काकांच्या बायकोची होती, हे मला माहीत होतं. म्हणजे स्टूल माझं, चढणं तिचं. मेलेल्या बाईकडून न विचारता एवढं उसनं घेतलं, आणि तेही तिच्या नवऱ्यालाच ऐकवायला. बरोबर की चूक, मी ठरवू शकले नाही. गोष्ट मात्र पहिल्यांदा श्वास घेत होती.

अडचण एवढीच, की शेवटचं वाक्य तिथं मावेना. मी ते नाना तऱ्हांनी लावून बघितलं. ती मनात म्हणते. ती ओरडून सांगते. चिठ्ठीत लिहून दाराला लावते. प्रत्येक वेळी गोष्ट अंग चोरायची. माणूस दारापाशी पोचला की गोष्ट तिथंच संपत होती, शहाण्यासारखी. आता काय करावं? वाक्य ठेवलं तर गोष्ट खोटी पडत होती. काढलं तर काका म्हणणार, बघा, नाहीच तुमचं. आणि ते उरलेल्या दुपारी मोजत बसणार.

काका पुन्हा आले त्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याकडे दोन शेवट होते, एक त्या वाक्याचा, एक वाक्यावाचून. बाकावर बसल्यावर मी दोन्ही कागद मांडीवर ठेवले. टांगलेले कोट हलत होते. डागमास्तरांनी आज डबा उघडलाच नाही.

मी वाचायला लागले. स्टूल आलं तेव्हा काकांचा हात गुडघ्यावर घट्ट झाला. बल्ब फडक्यात धरला तेव्हा ते पुटपुटले, "पोळेल." मी वाचत राहिले. खिडकी विझली, शेजारची लागली, माणूस जिना चढला. वरच्या बाजूला अंधार होता, कारण ती नेमकी तेव्हाच बल्ब हातात घेऊन दोन खोल्यांच्या मधे उभी होती. तिला पावलं ऐकू आली. ती हलली नाही. तो दारासमोर येऊन थांबला, एका हातात खोका, दुसरा हात वर उचललेला.

इथं मला ठरवायचं होतं. मी वरचा कागद खाली ठेवला, वाक्याचा घेतला नाही.

काका पुढे वाकून बसले होते, माझ्याकडे नाही, समोरच्या दोन कोटांच्या मधल्या फटीकडे बघत. मग एकदम म्हणाले, "अरे, ढकल की! वाजवतोस काय? नुसतं लोटलेलं असणार. माणूस बाहेर असताना ती कडी घालून बसेल होय?"

आणि थांबले.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या मांडीवरच्या कागदाकडे. त्यांचे ओठ हलले, काही जुळवून बघत असल्यासारखे. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि पाकिटातला कपटा काढून माझ्यापुढे धरला.

"घ्या, तुमचं आहे हे. बसलं."

"पण मी ते वाचलंच नाही, काका."

"बसलेला भाग दिसत नाही, बाई. यंत्र चालतं, बस्स." मग जरा वेळानं, अगदी हळू, "मी फार वाईट वाईट विचार केले हो तिच्याबद्दल. वीस दिवस."

"बल्ब आणायला गेला होतात," मी म्हटलं. "वाट चुकतो माणूस."

ते हसले. मालकीणबाई पुढून डोकावून गेल्या. मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं की चूक आपली होती. त्यावर त्यांनी तीस वर्षांचा आकडा न बदलण्याची मला विनंती केली होती.

काका उठले, मेव्हणी चार वाजता यायची होती. दोन रांगा ओलांडून गेले आणि परत आले.

"एक विचारू? ती जेवली का?"

"कोण?"

"तुमची बाई. तो बाहेर गेला, तीन तास झाले. तुम्ही भांडी घासलीत, पुस्तक वाचलंत. जेवण कुठं लिहिलंय?"

मी कागद चाळले. खरंच नव्हतं. "नसेल जेवली. थांबली असेल त्याच्यासाठी."

"काहीतरीच. माझी कधी थांबली नाही. म्हणायची, उपाशीपोटी वाट बघितली की माणसाचा राग येतो, जेवून बघितली की काळजी वाटते. गरम गरम जेवून घ्यायची आणि माझं झाकून ठेवायची."

"काका, हे घेऊ मी?"

"घ्या ना. पण झाकण बरोबर बसवा. तिला अर्धवट झाकलेलं चालायचं नाही."

"मग गोष्ट पुन्हा मोडावी लागेल," मी म्हटलं. "जेवायला बसली तर उजेड तेवढा वेळ एकाच खिडकीत राहणार. तो खाली उभा असेल तर त्याला कळणार कसं?"

काका विचारात पडले. डागमास्तरांनी डबा उघडला. "मीठ विसरली असेल," ते म्हणाले.

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं.

"अहो, स्वयंपाकघरातून पान घेऊन बाहेरच्या खोलीत बसली, बल्ब तिकडे लावला. आता मीठ आणायचं तर बल्ब काढून पुन्हा आत नको का न्यायला? वाटल्यास घ्या. नको असेल तर राहू द्या."

काका बाकावर परत बसले. मी पेन्सिल शोधायला लागले.